लॅपटॉप घेताना डिस्कचं आधी विचारा

भिंगारमधल्या आणि आसपासच्या पालकांना, विद्यार्थ्यांना, आणि निवृत्तीनंतर पेन्शनची कामं स्वतः घरबसल्या करू पाहणाऱ्या माजी सैनिकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. पुढचा लॅपटॉप घ्याल, नवा असो वा सेकंडहँड, तेव्हा रंग, पडद्याचा आकार आणि कंपनीचं नाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा. यात विंडोज कशावर टाकलंय? साध्या एसएसडीवर, हार्ड डिस्कवर, की या दोन्हींची जोडी लावलेल्या कशावर? उत्तर ‘साधी एसएसडी’ असेल तर पुढचं बोलणं सुरू करा. हार्ड डिस्क किंवा जोडी असेल, तर भाव कितीही गोड वाटला तरी जरा थांबा आणि पुढचं वाचा.

दहावी-बारावीचे निकाल लागले की नगरच्या दुकानांत गर्दी होते. डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला, बीसीएला प्रवेश घेतलेली मुलं आणि त्यांच्यामागे पाकीट सांभाळत उभे असलेले आईवडील. दुकानदार पाटी वाचून दाखवतो: आय-फाइव्ह, आठ जीबी, एक टीबी. हे ‘एक टीबी’ ऐकून वडील खूश होतात, कारण आकडा मोठा आहे. पण लॅपटॉप चालेल की रखडेल, हे त्या आकड्यापेक्षा ती एक टीबी कशाची आहे यावर जास्त ठरतं.

कारण समजून घ्या. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साधारण साडेपाच मिलिसेकंद लागतात. ते डोकं चकतीवर योग्य जागी सरकायला आणखी बारा-एक मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला साठच्या आसपास ठिकाणं वाचून होतात, त्याहून फार नाही. विंडोज सुरू होताना तर हजारो छोट्या फायली उघडाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच; चिपमधली माहिती शंभर मायक्रोसेकंदांच्या आत-बाहेर हाती येते. सेकंदाला दहा हजारांच्या घरात वाचनं होतात. फरक दुपटी-तिपटीचा नाही, शंभरपटीहून जास्त आहे. म्हणूनच जुन्या लॅपटॉपला साधी एसएसडी टाकली की लोकांना मशीनच बदलल्यासारखं वाटतं.

तुमचा लॅपटॉप हँग होत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कच्या रकान्याकडे बघा. प्रोसेसर दहा टक्क्यांवर, रॅम निम्मी रिकामी, आणि डिस्क मात्र १०० टक्के, तीही मिनिटामागून मिनिट तशीच. अशा वेळी दुकानात नेलं की कुणी सांगतं ‘फॉरमॅट मारावा लागेल’, कुणी सांगतं ‘व्हायरस आहे’. फॉरमॅटने आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. दुखणं डिस्कचं असतं.

आता जोडीकडे येऊ. एसएसडी महाग होती त्या काळात कंपन्यांनी मधला मार्ग काढला. मोठी, स्वस्त, संथ डिस्क तशीच ठेवायची आणि तिच्यापुढे थोडीशी वेगवान मेमरी लावायची. किराणा दुकानात रोज खपणारी साखर, चहा आणि साबण हाताशी फळीवर असतात, बाकीची पोती मागच्या गोदामात. गिऱ्हाइकाने नेहमीचं काही मागितलं तर लगेच मिळतं, वेगळं मागितलं की पोऱ्याला आत पाठवावं लागतं. कॅशे म्हणतात ती ही फळी. तुम्ही रोज काय उघडता हे सॉफ्टवेअर बघत राहतं आणि तेवढ्याच गोष्टींची प्रत वेगवान भागात आणून ठेवतं.

सीगेट कंपनीने २०१० मध्ये मोमेंटस एक्सटी नावाची अशी डिस्क काढली. ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि तिच्याच पोटात ४ जीबी फ्लॅश. पुढे ती ८ जीबी झाली आणि अशा डिस्कला एसएसएचडी म्हणू लागले. २०११-१२ च्या सुमारास पातळ लॅपटॉपांची लाट आली, तेव्हा हार्ड डिस्कसोबत २४ किंवा ३२ जीबीची छोटी एसएसडी केवळ कॅशे म्हणून लावलेली असायची. ॲपलनेही २०१२ मध्ये डेस्कटॉपसाठी फ्यूजन ड्राइव्ह आणला. त्या दिवसांत हे सगळं शहाणपणाचंच होतं. एसएसडीचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता आणि काहीच नसण्यापेक्षा आठ जीबीची फळी बरी होती.

मग २०१७ मध्ये इंटेलने ऑप्टेन मेमरी बाजारात आणली आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकाचा खरा गोंधळ इथे सुरू झाला. ऑप्टेन ही वेगळ्याच जातीची मेमरी. इंटेल आणि मायक्रॉन यांनी मिळून २०१५ मध्ये तिची घोषणा केली होती. नेहमीच्या फ्लॅशपेक्षा ती छोट्या वाचनांना बरीच चपळ, दहा-एक मायक्रोसेकंदांत उत्तर देणारी. तंत्र म्हणून ते उत्तम होतं आणि हे मी मनापासून म्हणतो. पण लॅपटॉपमध्ये ती आली १६ किंवा ३२ जीबीच्या चिमुकल्या पट्टीच्या रूपात, एक टीबीच्या हार्ड डिस्कला जोडून. आणि नावात ‘मेमरी’ हा शब्द असल्यामुळे जाहिरातीत ती रॅमच्या शेजारी जाऊन बसली. ‘४ जीबी रॅम + १६ जीबी ऑप्टेन मेमरी’ असं वाचल्यावर कुठलाही सरळ माणूस वीस जीबीची बेरीज करणारच. ती बेरीज चूक आहे. रॅम चारच जीबी. ते सोळा जीबी हार्ड डिस्कच्या पुढचं कॅशे आहे, त्यात क्रोमचे टॅब मावत नाहीत. चार जीबी रॅमवर आज विंडोज ११ आणि क्रोम उघडलं की मशीनचा दम तिथेच निघतो. सेकंडहँड बाजारात आजही हीच जुनी ओळ जशीच्या तशी उतरवून लॅपटॉप विकले जातात, म्हणून एवढी लांबण लावली.

२०१९ मध्ये इंटेलने एच-१० नावाची पट्टी काढली. एकाच पट्टीवर १६ किंवा ३२ जीबी ऑप्टेन आणि २५६, ५१२ किंवा १ टीबी फ्लॅश. हार्ड डिस्क गेली, त्यामुळे हा प्रकार नक्कीच चांगला. त्यातला फ्लॅश क्यूएलसी जातीचा, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबलेला, स्वस्त पण लिहायला संथ. तो संथपणा ऑप्टेनने झाकायचा, अशी योजना. रोज तीच तीन-चार ॲप्लिकेशनं उघडणाऱ्या माणसाला हा लॅपटॉप चपळ वाटतो, कधी कधी साध्या एसएसडीपेक्षाही चपळ. मात्र सलग मोठ्या फायलींसाठी त्याच्या ५१२ जीबीच्या पट्टीचा वाचनवेग सेकंदाला सुमारे २३०० एमबी, तर त्याच काळातल्या चांगल्या साध्या एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीच्या, एसएसडीचा ३५०० पर्यंत. लग्नाचा ऐंशी जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्ह-कॅमेऱ्यातून घेऊन संकलन करणाऱ्या पोराला फळी कामाला येत नाही, गोदामाचाच वेग मिळतो.

वेगाचं जाऊ द्या. माझा आक्षेप वेगावर नाहीच. ऑप्टेनच्या जोडीला इंटेलचाच ठरावीक पिढीचा प्रोसेसर, इंटेलचंच ड्रायव्हर सॉफ्टवेअर आणि बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली, ठरावीक सेटिंग लागते. एच-१० ची पट्टी तर दोन वेगळ्या उपकरणांसारखी वागते. दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये घातली तर बहुतेक वेळा तिचा एकच भाग दिसतो. आणि २०२२ च्या जुलैमध्ये इंटेलने ऑप्टेनचा सगळा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे उद्या ही पट्टी बिघडली तर तशीच नवी आणायची कुठून?

भिंगारला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त लागू आहे. आपलं गाव छावणीचं. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे. शेजारच्या घरातला लॅपटॉप आज नगरला आहे, पुढच्या वर्षी बदली झाली की जोधपूरला, नाहीतर तेजपूरला. तिथल्या एखाद्या छोट्या दुकानात तो उघडला जाईल. साधी एसएसडी देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते आणि कुठल्याही कारागिराला बदलता येते. जोडीचं तसं नाही. जी वस्तू दुरुस्त करायला तिच्याबद्दल खास माहिती असलेला माणूस शोधावा लागतो, ती फिरत्या कुटुंबाने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्यांच्याकडे असा लॅपटॉप आधीच आहे त्यांनी नीट ऐका, कारण नुकसान होतं ते इथे. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त सुभेदारांचा लॅपटॉप रखडत होता म्हणून दुकानात दिला. कारागिराने मागचं झाकण काढलं, नखाएवढ्या रुंदीची छोटी हिरवी पट्टी दिसली, तिच्यावर १६ जीबी लिहिलेलं. त्याला वाटलं, ही जुनी एसएसडी, काढून टाकू. काढली. त्यानंतर विंडोज सुरू झालंच नाही, आणि हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर तीही नीट उघडेना. कारण जोडी चालू असताना काही ताजी माहिती फक्त पट्टीवर असते आणि हार्ड डिस्कवर नंतर उतरते. दोघांची ताटातूट मध्येच केली तर दोन्ही अर्धवट. पट्टी फेकलेली नव्हती म्हणून परत बसवली आणि नातवंडांचे फोटो वाचले. ती कचऱ्यात गेली असती तर किती वाचलं असतं, सांगता येत नाही.

म्हणून मशीन उघडण्याआधी बघा. स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्क ड्राइव्ह्जवर क्लिक करा. तिथे ‘इंटेल ऑप्टेन’ आणि त्याला अधिकचं चिन्ह लावून पुढे ९३१ जीबी एचडीडी किंवा ४७७ जीबी एसएसडी असं काही लिहिलेलं दिसलं, तर तुमच्याकडे जोडी आहे. ९३१ बघून घाबरू नका, विंडोज एक टीबीची डिस्क तशीच मोजतं. मग इंटेलचं ऑप्टेन मेमरीचं ॲप उघडायचं, त्यात जोडी बंद करायचा पर्याय निवडायचा, लॅपटॉप चार्जरला लावलेला ठेवून ते काम पूर्ण होऊ द्यायचं, मशीन रिस्टार्ट करायचं. यानंतरच झाकण उघडायचं. आणि या सगळ्याच्याही आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद असते, त्यामुळे मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन तिची रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. दुकानात देताना कारागिराला तोंडाने सांगा, ‘यात ऑप्टेन आहे, आधी बंद करा.’ सांगायला संकोच करू नका. सगळ्यांनाच सगळं माहीत असतं असं नाही.

आणि यात एक चांगली बातमीही आहे. हार्ड डिस्क आणि १६ जीबीची पट्टी अशा जोडीच्या लॅपटॉपमध्ये पट्टी बसते ती एम-डॉट-टू खाच बहुतेक वेळा एनव्हीएमई एसएसडीही घेते. जोडी बंद करा, पट्टी काढा, त्याच जागी ५१२ जीबीची साधी एसएसडी बसवा आणि विंडोज नव्याने तिच्यावर टाका. हार्ड डिस्क आत आहे तिथेच राहू द्या, फोटो-व्हिडिओंसाठी. फक्त विकत घेण्याआधी खाचेची लांबी बघून घ्या, काही लॅपटॉपांत ८० मिलिमीटरची पट्टी मावत नाही, छोटी लागते. एसएसएचडी असेल तर काम आणखी सोपं: ती एकच डिस्क आहे, तिच्या जागी अडीच इंची साटा, म्हणजे जुन्या जोडणीची, एसएसडी. एच-१० वाल्यांनी, मशीन सुरळीत चालत असेल तर, काहीही बदलायची घाई करू नये. बॅकअप ठेवा आणि वापरा.

साध्या एसएसडीतही निवड करावी लागते, पण तिथे फार डोकं शिणवू नका. जुन्या लॅपटॉपला साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५०० एमबी देते, तर एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे. आकडे बघून वाटतं सहापट फरक; पण वर्ड, ब्राउझर, ऑनलाइन फॉर्म, झूमचा तास यांत तो हाताला जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून साटावर येणं ही खरी उडी. क्षमता ५१२ जीबी घ्या. २५६ सुरुवातीला पुरते आणि दुसऱ्या वर्षी अपुरी पडते. साध्या स्वस्त एसएसडीतही आतल्या आत एक छोटं कॅशे असतंच, म्हणून खूप मोठी फाइल कॉपी करताना मध्येच वेग पडला तर दचकू नका. फरक एवढाच की ते सगळं त्या एका पट्टीच्या पोटात चालतं. बाहेरच्या ड्रायव्हरवर किंवा बायोसच्या सेटिंगवर अवलंबून नसतं.

‘एसएसडी लवकर झिजते’ ही भीती मी फार ऐकतो. हिशेब करू. क्यूएलसी जातीच्या ५१२ जीबी एसएसडीला कंपनी १०० टीबी लिहिण्याची हमी देते, असं उदाहरण धरू. इंटेलच्या ६६०पी ला तेवढीच होती. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, जे घरगुती वापरात भरपूर झालं, तरी ५००० दिवस होतात. तेरा वर्षांहून जास्त. त्याआधी लॅपटॉपची बिजागरी तुटेल.

खरी भीती नकली मालाची बाळगा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत कुणी निम्म्या भावात दोन टीबी देऊ लागला तर हात आखडता घ्या. आणि स्टॉकमध्ये पडून असलेले हार्ड डिस्कचे, जोडीचे लॅपटॉप ‘आता एसएसडी परवडत नाही साहेब’ म्हणून गळ्यात मारले जातील, तेही ओळखा. बजेट तोकडं असेल तर एक टीबीचा हट्ट सोडा आणि २५६ जीबीची खरी एसएसडी घ्या. जागा नंतर वाढवता येते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ऑप्टेन मेमरी मात्र सातव्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच चालते. म्हणजे स्वस्तात मिळालेला सातव्या पिढीचा, चार जीबी रॅमचा, ऑप्टेनवाला लॅपटॉप तिन्ही बाजूंनी मागे पडलेला असतो. पैसे देण्यापूर्वी दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून दाखवायला सांगा. त्यात डिस्कचं नाव, ती किती तास चालली आणि एसएसडी असेल तर तिची तब्येत किती टक्के उरली हे दिसतं. जो दुकानदार एवढं दाखवायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका.

बॅकअपचं सगळ्यांनाच सांगतो. हार्ड डिस्क मरण्याआधी बहुतेकदा कुरकुरते, टकटक आवाज करते. एसएसडी पुष्कळदा काही न सांगता जाते, आणि तिच्यातून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळपास नसते. काढलेली जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि महिन्यातून एकदा तिच्यावर सगळं उतरवा. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा हार्ड डिस्कच बरी. एसएसडी फार काळ विजेशिवाय, त्यातही नगरच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पडून राहिली तर आतली माहिती विरत जाऊ शकते.

शेवटचं सांगणं खास फौजी घरांसाठी. आपल्या लॅपटॉपांत पेन्शनचा पीपीओ, आधार, ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलचे पासवर्ड, कुटुंबाची ओळखपत्रं आणि कधी कधी नोकरीतली कागदपत्रंही असतात. जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देताना नुसतं फॉरमॅट मारून देऊ नका. हार्ड डिस्क काढून घ्या. जोडी असेल तर ती छोटी पट्टीही काढून घ्या, कारण वीज गेली तरी तिच्यावरचं काही पुसलं जात नाही आणि रोज उघडल्या जाणाऱ्या फायलींच्या प्रती नेमक्या तिच्यावरच असतात. एच-१० असेल तर अख्खी पट्टी. दुकानदार त्याचे दोन पैसे कमी करेल, करू द्या. आणि बिल घेताना त्यावर ‘डिस्कविना’ असं लिहून घ्या.